मैत्रीचा तास

प्राथमिक शाळेत शिकवाव्या लागणाऱ्या विषयांत एक विषय असा आहे, की ज्यात विद्यार्थी मुरलेले असतात आणि सराव सुटलेला असतो तो शिक्षकाचाच. तो विषय म्हणजे मैत्री. गणिताचे तसे नाही. तेराचा पाढा मला येतो आणि पोरांना येत नाही, म्हणून तर मी खुर्चीवर आणि ती पट्टीवर. पण 'चांगला मित्र कोणास म्हणावे?' असा प्रश्न फळ्यावर लिहून मी मागे वळलो, की मला नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होई. समोर बसलेल्या तीस-पस्तीस जिवांपैकी प्रत्येकाने सकाळपासून निदान एक मित्र जोडलेला असे, एक तोडलेला असे, आणि मधल्या सुट्टीत कुणाशी पुन्हा जोडायचे याचा बेतही मनात शिजत असे. माझा हिशेब काय? शेवटचा नवा मित्र मिळाला त्याला पंधरा वर्षे होऊन गेलेली. आणि तोही त्याला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन हवा होता म्हणून मिळालेला!

तरीही हा विषय शिकवावा लागतो. मूल्यशिक्षणाचा तास असतो, भाषेच्या पुस्तकात मैत्रीचा एखादा धडा असतो, धड्याखाली प्रश्न असतात, आणि प्रश्नांची उत्तरे पोरांना धडा वाचण्याआधीच पाठ असतात. 'चांगला मित्र नेहमी खरे बोलतो. चांगला मित्र संकटात धावून येतो. चांगला मित्र आपल्याला वाईट मार्गाला लावत नाही.' तीन वाक्ये, तीन गुण. मग घंटा होते आणि पहिल्या वाक्याचा लेखक दुसऱ्या वाक्याच्या लेखकाचा चेंडू घेऊन पळत सुटतो. यात ढोंग नाही, बरे का! पोराने लिहिले ते त्याला खरेच वाटते. फक्त लिहिलेल्याचा आणि चेंडूचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी दाखवून दिलेले नसते.

मी बीड जिल्ह्यातला माणूस. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून सदतीस वर्षे शिकवले. १९८४ साली नोकरीला लागलो तेव्हा पोरे मला गुरुजी म्हणत. २०२१ साली सुटलो तेव्हा मी सर झालो होतो. गावकऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत गुरुजीपणावरून माझी बदली केली नाही. या सदतीस वर्षांत पहिली ते चौथीच्या पोरांना मैत्री शिकवता येते का, आणि येत असेल तर कशी, याचा जो काही उलगडा मला झाला तो आज सांगायचा आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर कुणी उपदेश वाढला तर तो कुणालाही आवडत नाही. म्हणून उपदेश टाळून पोरांच्याच गोष्टी सांगतो.

एकदा मी पाट्या-वह्या बाजूला ठेवायला लावल्या आणि चारही वर्गांतल्या पोरांना एकेक करून जवळ बोलावले. कानात विचारले, "तुझा दोस्त कोण? आणि तोच का?" लिहायचे नाही म्हटल्यावर उत्तरे एकदम बदलली. पहिलीतला एक म्हणाला, "तो माझ्याजवळ बसतो." दुसरा म्हणाला, "त्याच्या घरी शेळीचं पिल्लू आहे." दुसरीतल्या एकीने सांगितले, "मी मागितलं की खोडरबर देती." तिसरीत देवाणघेवाण सुरू झाली होती: "मी त्याला गोट्या देतो, तो मला चिंचा देतो." चौथीतली एक मुलगी मात्र बराच वेळ बोलेना. मग हळूच म्हणाली, "मी रडले होते, ते तिनं कुणाला सांगितलं नाही."

पुढे वाचताना कळले, की अमेरिकेतल्या रॉबर्ट सेलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या मैत्रीच्या कल्पनांची अशीच एक शिडी मांडली आहे. त्याचे पुस्तक १९८० चे. अगदी लहान मुलाला जो जवळ आहे तो मित्र. मग माझ्या मनासारखे करतो तो मित्र. मग तू मला, मी तुला. आणि त्यानंतर कुठे गुपित राखणारा, मन जाणणारा मित्र दिसू लागतो. वयाच्या रेघा काही काटेकोर नाहीत. एका पायरीवर कुणी चार महिने रेंगाळतो, कुणी चार वर्षे. आमची शाळा डोंगरात आणि त्यांची प्रयोगशाळा सातासमुद्रापलीकडे. पण पोरे तीच!

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पहिलीतल्या पोराला निरपेक्ष मैत्रीची थोरवी सांगणे म्हणजे जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याला गच्चीवरून हाक मारणे. हाक त्याला ऐकू येते, मानही तो डोलावतो, पण जिना चढायला त्या हाकेचा काही उपयोग होत नाही. शेळीच्या पिल्लासाठी जडलेली मैत्री स्वार्थी म्हणून तिला नाक मुरडू नये. त्या पिल्लाच्या निमित्ताने दोघे रोज भेटतात, एकाने पाला आणायचा आणि दुसऱ्याने धरून ठेवायचे असे ठरते. आणि पुढची पायरी आपोआप पायाखाली येते. शिक्षकाने दाखवायची असते ती फक्त पुढची पायरी.

आता गोष्टींचे घ्या. मैत्रीवरच्या गोष्टी सांगाव्यात की नाही? जरूर सांगाव्यात, पण सांगून झाल्यावर 'तात्पर्य' म्हणून गप्प बसू नये, पोरांना बोलू द्यावे. इसापनीतीतली दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट तुम्हा-आम्हा सर्वांना ठाऊक आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडून राहतो. आपण लहानपणापासून झाडावर चढलेल्याला भित्रा आणि दगाबाज ठरवून मोकळे झालो. आमच्या तिसरीच्या वर्गात सुट्टीच्या दिवशी शेरडे राखणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "पण सर, ज्याला चढता येतं त्यानं आधी दुसऱ्याला खालून ढकलायचं असतं, आन् मग आपण चढायचं. आम्ही आंब्यावर तसंच चढतो." त्या मित्राचे काळीज वाईट होते असे तिचे म्हणणे नव्हते, त्याला कोणत्या क्रमाने चढायचे हे कुणी शिकवले नव्हते, एवढेच! मला हे फार पटले. चांगुलपणाच्या पुष्कळशा गोष्टी अशा क्रमाच्या असतात.

हाच क्रम पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, आला आहे. चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपल्या थव्यासह जाळ्यात सापडतो. सारी कबुतरे जाळ्यासकट उडतात आणि त्याच्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे येतात. उंदीर धावत येऊन मित्राचे पाश कुरतडू लागतो, तर चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि आधी बाकीच्यांना सोडवायला सांगतो. ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही खिचडीचा एक नियम केला. पोषण आहार वाढायची पाळी ज्या दोघांची असेल त्यांनी शेवटी जेवायचे. पहिल्या आठवड्यात वाढणारे स्वतःसाठी पातेल्याच्या तळाशी भरपूर राखून ठेवू लागले. मग खाणारे त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. आणि महिन्याभरात वाढायची पाळी मिळावी म्हणून भांडणे होऊ लागली. जी गोष्ट शिकवायला चित्रग्रीव कमी पडला असता, ती डावाने शिकवली.

सुदाम्याची गोष्ट मात्र मला भारी पडली. पोहे, मिठी, सोन्याची नगरी, सगळे यथासांग सांगून झाल्यावर मागून आवाज आला, "सर, पण कृष्ण का नाही गेला सुदाम्याच्या घरी?" जन्मभर कीर्तने ऐकली, एकाही बुवांनी हा प्रश्न काढलेला आठवत नाही. मी म्हणालो, "राजा होता, कामं असतील." पोरगा म्हणाला, "रथ होता की त्याच्याकडं." त्या पोराचा हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

वर्गापेक्षा मैदानावर मैत्रीची शाळा जास्त भरते. आपल्या मराठी पोरांनी खेळात जे कायदे करून ठेवले आहेत, त्यांपुढे भल्याभल्यांनी टोपी काढावी. त्यांतला सर्वांत सुंदर कायदा म्हणजे 'कच्चा लिंबू'. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली मुलगी लपाछपी खेळते, तेव्हा तो धाकटाही खेळात असतो. तो पळतो, लपतो, सापडतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाहेर नाही आणि त्याच्यावर भारही नाही! दुबळ्याला खेळात ठेवण्याची ही युक्ती कोणत्या शिक्षणाधिकाऱ्याने काढली? कुणीच नाही. पोरांनी पोरांना दिली. तशीच कट्टी. कट्टी म्हणजे भांडण नव्हे. भांडण मोजूनमापून करण्याची ती रीत आहे. अंगठा दातांना लावून कट्टी जाहीर होते, बोटे जुळवून बट्टी होते, आणि मधल्या काळात काय चालते आणि काय चालत नाही हे सर्वांना ठाऊक असते. मोठ्या माणसांकडे कट्टी आहे, पण बट्टीचे बोट ती हरवून बसली आहेत. भावाभावांचे दावे तीस-तीस वर्षे चालतात ते काय उगाच?

स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे या पंडिताने पोरांना गोट्या खेळताना पाहून १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर एक मोठा ग्रंथ लिहिला. लहानग्यांना वाटते, खेळाचे नियम थोरामोठ्यांकडून आले, ते बदलता येत नाहीत. जरा मोठी झाली, की त्यांना कळते, नियम आपलेच, आपण मिळून ठरवले तर बदलतात. न्याय शिकायचा तो बरोबरीच्या पोरांत, असे त्याचे सांगणे. मग शिक्षकाने नुसते कडेला उभे राहून पाहायचे का? तसेही नाही. कारण पोरांचा कायदा जितका सुंदर, तितकाच एका बाबतीत निष्ठुर. गडी वाटून झाले की शेवटी एक पोर उरते. ते दोन्हीकडच्यांना नको असते. कधी त्याच्या अंगाला खरूज असते, कधी ते बोबडे बोलते, कधी त्याचे घर गावात नसून गावाच्या कडेला असते. शिकागोच्या व्हिव्हियन पेली या बालवर्गाच्या शिक्षिकेने आपल्या वर्गात यासाठी एक नियमच केला, की 'तुला खेळात घेणार नाही' असे कुणी कुणाला म्हणायचे नाही. १९९२ साली त्यावर त्यांचे पुस्तक आले. मित्र कुणाला मानायचे ही ज्याची त्याची खुशी. पण खेळाचे दार कुणा एकाच्या मालकीचे नाही. आमच्या भिंतीवरही मी गेरूने दोन शब्द लिहिले होते: "'तू नको' नको." पोरांना त्यातला दोनदा आलेला 'नको' फार आवडे.

बसण्याच्या जागेचेही असेच. गावात कुणी कुठे राहायचे हे फार जुन्या काळी ठरून गेले आहे. त्यात माझे काही चालणार नव्हते. पण पट्टीवर कुणी कुणाशेजारी बसायचे हे माझ्या हातात होते. मी ते चिठ्ठ्यांच्या हाती दिले. प्रत्येक चित्राच्या दोन चिठ्ठ्या, दोन आंबे, दोन बैल, दोन कंदील. दर सोमवारी चिठ्ठ्या उचलायच्या आणि ज्याचे-त्याचे चित्र जुळेल तो आठवडाभराचा जोडीदार. जोडीदाराची दोन कामे. एक, त्याला समजले नाही ते समजावून सांगायचे. दुसरे, तो आला नाही तर का आला नाही हे दुसऱ्या दिवशी मला सांगायचे. यातून सगळ्यांची गळामिठी झाली असे मुळीच नाही. पण आठ दिवस शेजारी बसलेल्या पोराचे नाव, त्याच्या बहिणीचे नाव आणि त्याला पाऊस आला की का घरी जावे लागते, हे कळले. आणि एवढे कळल्यावर 'तू नको' म्हणणे जड जाते.

इथवरच्या गोष्टी कुठल्याही शाळेतल्या. आमच्या भागातल्या शाळेची खरी परीक्षा सुरू होते ती दिवाळीनंतर. दसऱ्याच्या सुमारास तिकडे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि इकडे टोळ्या जमू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून ऊस तोडायला जातात. या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन आणि मोजायचे ते हत्यार! भाऊबीज झाली की ट्रकात भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या आणि पोरे चढतात. मग पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहायचे. पहाटे तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे, रात्री-अपरात्री वाहन आले की भरणे. पोरांनी धाकटी भावंडे सांभाळायची. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी सारी परत.

दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली, की पटावर चौतीस आणि पट्टीवर सोळा. चिठ्ठ्यांमधले अर्धे आंबे आणि अर्धे बैल जोडीवाचून उरायचे. आजोबा-आजीजवळ राहिलेली पोरे शेजारची मोकळी जागा बघत बसत. आणि वैशाखात परत आलेले पोर कुठे बसत असे? सर्वांत मागे, दाराजवळ. मधल्या काळात वर्ग सातव्या धड्यावरून सतराव्यावर गेलेला. त्याला अक्षरे विसरल्यासारखी होत आणि वर्गाला तो. 'चांगला मित्र संकटात धावून येतो' हे वाक्य आमच्या पोरांच्या बाबतीत असे फळ्यावरून उतरून समोर येऊन उभे राही. धावून कुठे जायचे? तीनशे किलोमीटरवर, कृष्णाकाठी?

यासाठी मी एक वही काढली. जाणाऱ्याची वही राहणाऱ्याने लिहायची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ज्याची चित्रे जुळतील, त्याने आपल्या जोडीदारासाठी रोज चार ओळी लिहायच्या: आज काय झाले, काय शिकवले, काय राहिले. तो परत आला की वही त्याच्या हाती द्यायची. आणि त्याची जागा कुणाला द्यायची नाही. तिथे दप्तर ठेवायचे.

२००६ सालच्या दिवाळीची गोष्ट. तिसरीच्या वर्गात दोन मुलगे होते. एकाचा बाप मुकादम, दुसऱ्याचा बाप त्याच मुकादमाच्या टोळीतला. सोमवारमागून सोमवार या दोघांची चित्रे जुळत. चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायची युक्ती त्यांना साधली होती; ती मला ठाऊक होती, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. चालले होते ते बरे चालले होते. त्या वर्षी मात्र गेल्या हंगामाच्या उचलीवरून दोन्ही घरांत वाजले. बाप मधेच दोन महिने आजारी पडला होता, उचल फिटली नव्हती, ती नव्या उचलीत चढवली गेली. पारावर चारचौघांत शब्दाला शब्द लागला. दुसऱ्या दिवशी मुकादम शाळेत आला. "गुरुजी, आमच्या पोराला त्याच्याशेजारी बसवू नका." संध्याकाळी दुसऱ्या मुलाची आई वाटेत भेटली. तिनेही तेच सांगितले. फक्त पदर तोंडाला लावून सांगितले. मी दोघांनाही एकच उत्तर दिले: "शाळेत कुणी कुणाला बसवत नाही. चिठ्ठी निघेल तसं बसतात."

त्या सोमवारी दोघांच्याही हातात कंदील निघाला. कुणाच्या घरून कितीही सांगितलेले असो, चिठ्ठीपुढे इलाज नाही अशा चेहऱ्याने दोघे शेजारी बसले. मी हजेरीपत्रकात मान घातली.

दिवाळी झाली. ट्रक गेला. मुकादमाचा मुलगा रोज मधल्या सुट्टीत वही लिहू लागला. मुकादमांचे घरदार गावातच राहते. ते स्वतः टोळीवर जाऊन-येऊन असतात. पौषात केव्हातरी मुकादम गावी येऊन परत निघाला, तेव्हा या पोराने ती वही बापाच्या पिशवीत घातली. उन्हाळ्यापर्यंत थांबणे त्याला काही पटले नसावे. वहीच्या वर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले होते 'राहिलेलं' आणि खाली मित्राचे नाव.

पुढचे मला मुकादमानेच सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, मला वाटलं, घरच्यांनी त्याच्या उचलीचा हिशेब लिहून दिलाय. राहिलेलं म्हणजे बाकी. मी कोपीसमोर त्याच्या बापाला उभा केला आन् वही उघडली." वहीत पहिल्या पानावर लिहिले होते: 'सोमवार. सहाचा पाढा झाला. सोपा आहे. पाच साते पस्तीस, त्यात सात मिळव.' पुढे होते: 'खिचडीत वाटाणे होते.' 'आज माकड आलं होतं.' 'तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. एकदा सरांनी छत्री ठेवली होती, मी काढली.' मुकादम दोन पाने मोठ्याने वाचून गेला आणि मग थांबला. "मग काय केलंत?" मी विचारले. "काय करणार? वही ज्याच्या नावाची त्याला दिली," तो म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.

उचल माफ झाली का? नाही. मुकादमावरही कारखान्याचे देणे होते. व्यवहार व्यवहाराच्या जागी राहिला. पुढच्या वर्षी तो बाप दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत गेला. पोरांच्या मैत्रीने मोठ्यांची दुनिया सुधारते, असे सांगणारे पुष्कळ चित्रपट निघाले आहेत. आमच्या गावात तसे काही घडले नाही. घडले ते एवढेच. एप्रिलअखेर तो मुलगा परत आला, तेव्हा तो दाराजवळ बसला नाही. आपल्या जागेवर जाऊन बसला, कारण जागा राखलेली होती. त्याला सहाचा पाढा येत होता. आणि वही उलट्या बाजूने भरलेली होती. पेन्सिलीने, वाकड्या अक्षरांत: 'इथं ऊस घरापेक्षा उंच आहे.' 'रात्री ट्रक येतो तेव्हा आई उठते. मी बहिणीला धरतो.' 'सातचा पाढा पाठव.' कृष्ण सुदाम्याच्या घरी का गेला नाही, हे मला अजूनही सांगता यायचे नाही. पण जाता येत नसेल तर निदान वही पाठवता येते, हे आमच्या वर्गाला कळले.

आता दिवस बदलले आहेत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. पोरांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. काही फडांत तोडणीयंत्रेही फिरू लागली आहेत. तरी ट्रक भरायचे थांबलेले नाहीत. हा अंक तुमच्या हाती असेल त्या दिवसांत आमच्याकडे भाऊबीज उरकून भांडीकुंडी बांधली जात असतील. आणि कुठल्यातरी पट्टीवर उद्या एक जागा मोकळी पडणार असेल.

तर मैत्री शिकवता येते का? तिचे गुण पाठ करून घेता येतात, पण त्याने फक्त उत्तरपत्रिका भरते. शिकवता येतात त्या दोन-तीन साध्या सवयी. नव्या माणसाला सरकून जागा करून द्यायची. भांडलो तरी बट्टीचे बोट मोकळे ठेवायचे. आणि जो गेला त्याची जागा राखून ठेवायची. यांतली एकही सवय सांगून लागत नाही. तिला प्रसंग लागतो, आणि तो प्रसंग मांडून देणे एवढेच मोठ्यांचे काम. बाकीचे पोरे करतात, चिठ्ठीचे कोपरे दुमडूनसुद्धा करतात!

ज्यांच्या घरी शाळेत जाणारी पोरे आहेत त्यांना एक विनंती. पोर घरी आले की आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" ते म्हणते, "काही नाही," आणि संभाषण संपते. त्याऐवजी एकदा विचारून पाहा, "आज कोण आलं नव्हतं?" पोराला पटकन सांगता आले तर काळजीचे कारण नाही. सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते शाळेत बसल्या बसल्या आपणहून आजूबाजूला पाहू लागेल.